पाणी उडाल्यावर

सकाळी ८.३०

दिवसातलं पहिलं काम म्हणजे डबे हातात घेऊन उलटेसुलटे करून बघणं. झाकणावर अंगठा दाबायचा; ते टणक लागायला हवं. खालीवर हललं, फुगीर लागलं तर डबा बाजूला आणि नमुना आणणाऱ्याला फोन. डब्याच्या पोटावर पोचा असेल तर मी फारशी थांबत नाही. काठाच्या शिवणीवर पोचा असेल तर मात्र थांबते. तिथून आत हवा गेली असेल, तर पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

रबाळ्याच्या एमआयडीसीतली आमची प्रयोगशाळा मुळात पशुखाद्याची. सरकीची पेंड, मका, मासळीची भुकटी, कोंबडीखाद्य हा नेहमीचा माल. गेल्या काही वर्षांत त्यात कुत्र्यांच्या डब्यांची भर पडली आहे. कधी आयातदार आणतो, कधी नवा उत्पादक, कधी एखाद्या दुकानाचा मालक. प्रत्येकाला हवा असतो तो एक कागद, ज्यावर ओलावा, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, राख, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे आकडे असतील.

आज तीन नमुने आहेत. पहिला युरोपातून आलेला: लेबलावर भाजलेली तंगडी, गाजर, वाटाणे आणि ‘विथ चिकन, चंक्स इन ग्रेव्ही’. दुसरा थायलंडचा, लहान आणि देखणा, पारदर्शक रश्शात कोंबडीचे रेषे. तिसरा देशातच भरलेला. लेबलावर कुत्र्याचं एक बऱ्यापैकी वाईट चित्र. बेंचवरच्या मुलांना यातलं काही कळत नाही, त्यांच्यापर्यंत फक्त नंबर जातो. लेबल वाचायचं काम माझं. मी आधी लेबल वाचत नाही, आधी डबा उघडते. तंगडीचा फोटो बघून झाल्यावर नाकाला तंगडीचाच वास यायला लागतो.

सकाळी ९

उघडताना आत हवा शिरल्याचा बारीकसा आवाज यायला हवा. डब्यातली पोकळी शाबूत असल्याची ती खूण.

लोकांचा एक समज मला रोज भेटतो: डब्यातलं खाद्य टिकतं म्हणजे त्यात प्रिझर्व्हेटिव्ह ठासून भरलेलं असणार. डबाबंद खाद्याला त्याची गरजच नसते. माल आधी डब्यात भरतात, झाकण लावतात आणि मग बंद डबा दाबाखालच्या वाफेत शिजवतात. ज्या भांड्यात हे होतं त्याला रिटॉर्ट म्हणतात. डब्याच्या मध्यभागी १२१ अंश सेल्सिअसला तीन मिनिटं हा बोट्युलिझमच्या जंतूंसाठीचा किमान हिशेब. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त उष्णता दिली जाते. त्यामुळे न उघडलेला डबा हे कुत्र्याच्या खाद्यातलं सर्वांत निर्जंतुक रूप. कच्च्या मांसाच्या आहाराचा आग्रह धरणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही. पण या उष्णतेची किंमतही मोजावी लागते. ब१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन तिच्यात बरंचसं मरतं. चांगला उत्पादक ते आधीच जास्त घालून ठेवतो, हयगय करणारा घालत नाही. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात.

पहिल्या डब्यातले तुकडे मी चमच्यानं तोडून बघते. कापलेली बाजू गुळगुळीत, खरवसाच्या वडीसारखी. रेषा कुठेच नाहीत. म्हणजे हे मांसाचे तुकडे नव्हेत. मांस, फोप्सं, रक्त वगैरे बारीक वाटून, त्यात गव्हाचं ग्लुटेन घालून, वाफेवर घट्ट करून चौकोनी कापलेला तो माल आहे. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. या पदार्थानं कुत्र्याचं पोट भरतं आणि तो पचतोही. मात्र त्याला मांसाच्या फोडीचा आकार दिलाय तो कुत्र्यासाठी नाही. कुत्र्याला आकाराशी देणंघेणं नसतं. रंगाशीही फारसं नसतं: त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, निळं आणि पिवळं एवढंच त्याला नीट वेगळं दिसतं. ग्रेव्हीतला कॅरॅमलचा तपकिरी रंग, तुकड्यांतला लोहाच्या ऑक्साइडचा लाल रंग, हे सगळं डबा विकत घेणाऱ्यासाठी.

दुसऱ्या डब्यात खरोखरच कोंबडीच्या छातीचे रेषे आहेत. मीठ-मिरपूड घातली तर माणसानं खावं असे. तिसऱ्यात राखाडी गोळा, वर चरबीचा पांढरा थर, मध्ये कूर्चेचे आणि दळलेल्या हाडाचे कण. बेंचवरचा मुलगा नाक मुरडतो. “मॅडम, हा भंगार वाटतोय.” मी काही बोलत नाही. संध्याकाळपर्यंत आकडे येतीलच.

मग तिन्ही डबे वेगवेगळे मिक्सरमध्ये फिरवायचे. ग्रेव्हीसकट, काहीही न ओतता. पुढे वजन करून घेणार ते जेमतेम पाच ग्रॅम, आणि त्या पाच ग्रॅमनी अख्ख्या डब्याची साक्ष द्यायची असते. नमुना नीट एकजीव झाला नसेल तर दिवसभराचं काम वाया.

सकाळी ९.४५

पाच-पाच ग्रॅम लगदा बशांमध्ये पसरून ओव्हनमध्ये, १०५ अंशांना. यानंतरचा सगळा दिवस या बशांची वाट बघण्याचा आहे. डबाबंद खाद्यात सगळ्यात जास्त असतं पाणी, आणि पाणी गेल्याशिवाय बाकी कशाचं मोल करता येत नाही.

सकाळी १०.१५

प्रथिनांची तपासणी. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञानं बिअरसाठी लागणाऱ्या धान्यातली प्रथिनं मोजायला जी पद्धत काढली, तीच आजही आमच्या फ्यूम हूडखाली चालते. नमुना तीव्र गंधकाम्लात तांब्याच्या उत्प्रेरकासह ४२० अंशांच्या आसपास उकळायचा. काळं कोळशासारखं पाणी हळूहळू नितळ हिरवट-निळं होतं. मग त्यात अल्कली घालून अमोनिया उडवायचा, पकडायचा आणि ब्युरेटनं मोजायचा. हातात येतो तो नायट्रोजन. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ नं गुणायचं आणि उत्तराला ‘क्रूड प्रोटीन’ म्हणायचं.

या गुणाकारात एक भोक आहे आणि त्यातून जगातला सगळ्यात कुप्रसिद्ध पेटफूड घोटाळा आत शिरला. पद्धतीला नायट्रोजन दिसतो. तो कोंबडीतून आला की पिसांतून, हे दिसत नाही. मार्च २००७ मध्ये कॅनडाच्या मेन्यू फूड्स या कंपनीनं ६ कोटींहून जास्त डबे आणि पाउच बाजारातून परत मागवले. बहुतेक माल याच प्रकारचा, ग्रेव्हीतल्या तुकड्यांचा. त्यात वापरलेल्या चिनी ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं. प्लॅस्टिकच्या धंद्यातलं हे रसायन दोन-तृतीयांश नायट्रोजनच असतं, त्यामुळे त्याचा एक ग्रॅम आमच्या पद्धतीला चार ग्रॅम प्रथिनांइतका दिसतो. मेलामाइन आणि सायन्युरिक आम्ल एकत्र आले की मूत्रपिंडात स्फटिक होतात. त्या वर्षी अमेरिकेत कुत्री-मांजरं त्यानं मेली. पुढच्या वर्षी तीच युक्ती चीनमधल्या बाळांच्या दुधाच्या भुकटीत निघाली. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. कुत्र्यांच्या डब्यांनी एक वर्ष आधीच इशारा दिला होता.

तेव्हापासून ग्लुटेन असलेल्या मालाची मेलामाइनसाठी वेगळी तपासणी करून घ्या असं आम्ही सुचवतो. ती तपासणी महाग यंत्रावर होते आणि ग्राहक बहुधा म्हणतो, “तेवढं राहू द्या.”

सकाळी ११.३०

चहा, आणि आता लेबलं.

पुढची बाजू मी उलटी ठेवते, नावापुरती वाचते. पण नाव वाचायचं ते नीट. अमेरिकेतल्या खाद्य-नियंत्रक अधिकाऱ्यांची १९०९ पासून चालत आलेली एक संघटना आहे, तिच्या आद्याक्षरांवरून तिला सगळे ‘आफको’ म्हणतात. तिच्या नमुना-नियमांत नावाची प्रतवारी आहे. नुसतं ‘चिकन डॉग फूड’ म्हणायचं तर वरून घातलेलं पाणी सोडून ९५ टक्के कोंबडी हवी. ‘चिकन डिनर’, ‘चिकन प्लॅटर’ म्हटलं की २५ टक्क्यांवर भागतं. ‘विथ चिकन’ म्हटलं की ३ टक्के पुरे. आणि ‘चिकन फ्लेवर’ असेल तर कुत्र्याला चव ओळखू आली म्हणजे झालं. युरोपात ‘विथ’ची किंमत ४ टक्के. आमच्या पहिल्या डब्यामागे बारीक अक्षरात तसंच छापलंय: मांस आणि प्राणिजन्य उपपदार्थ, पैकी कोंबडी ४ टक्के. पुढच्या तंगडीच्या फोटोला एवढाच आधार. यात नियमबाह्य काही नाही.

उपपदार्थ या शब्दावरून मात्र लोक उगाच बिथरतात. काळीज, फोप्सं, प्लीहा, आतडी, रक्त, हेच ते उपपदार्थ. आपल्याकडे रविवारी मटणाच्या दुकानात वजडीसाठी आणि रक्तीसाठी वशिला लावणारे लोक आहेत, आणि तीच वजडी डब्यात गेली की तिला भंगार म्हणायचं? काळजात अ जीवनसत्त्व, लोह आणि तांबं छातीच्या मांसाच्या कितीतरी पट असतं. माझा आक्षेप आहे तो मोघमपणावर. ‘मांस आणि प्राणिजन्य उपपदार्थ’ एवढंच लिहिलं की कुठला प्राणी, कुठला भाग, काही कळत नाही. या खेपेला एक आणि पुढच्या खेपेला दुसरं, असं करायला उत्पादक मोकळा. ‘कोंबडीचं काळीज’ असं लिहिणारा निदान स्वतःला बांधून घेतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, आणि वजन धरतात ते शिजवण्याआधीचं, पाण्यासकट. ताजी कोंबडी सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणीच असते. त्यामुळे ती यादीत वर चढते, आणि कोरडं ग्लुटेन प्रत्यक्षात जास्त प्रथिनं देऊनही खाली राहतं. यादीच्या शेपटाकडे डिंक: ग्वार, कॅसिया, झँथन, कॅराजिनन. ग्वार म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातला मोठा वाटा राजस्थानात. युरोपातून आलेल्या या ग्रेव्हीचा दाटपणा बहुधा जोधपूरच्या बाजूनं तिकडे गेलेला आणि डब्यात बसून परत आलेला. डिंकानं अपाय होत नाही, पण पाणी घट्ट दिसायला लागतं आणि डबा भरल्यासारखा वाटतो.

‘ग्रेन-फ्री’ हा ठळक शिक्का पहिल्या डब्यावर नाही, कारण त्यात गहू आहे. ज्यांच्यावर असतो त्यांचं मला विशेष कौतुक नाही. कुत्रा लांडग्यापासून वेगळा होताना स्टार्च पचवण्याची ताकद घेऊनच वेगळा झाला. स्टार्च फोडणाऱ्या पचनरसाच्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती कुत्र्यात असतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. आपल्या गावाकडची कुत्री भाकरीवर जगत आली ती उगाच नाही. धान्य काढून त्या जागी वाटाणा-मसूर भरलेल्या खाद्यांचा आणि हृदयाच्या एका आजाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये सुरू केली. कार्यकारणसंबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. पण धान्य नसणं हा गुण आहे, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

आणि मग मी ज्या ओळीसाठी डबा उलटा करते ती ओळ: हा पूर्ण आहार आहे की पूरक? इंग्रजी लेबलावर ‘कम्प्लीट’ किंवा ‘कॉम्प्लिमेंटरी’. उच्चारात जवळपास सारखे, अक्षर मुंगीएवढं. पहिला डबा पूर्ण. तिसरा पूर्ण. दुसरा, कोंबडीच्या रेषांचा, पूरक.

दुपारी १.१५

डबे (आमचे, पोळीभाजीचे) उघडले की अकाउंट्सचे काका येऊन बसतात. त्यांच्याकडे नसबंदी केलेला तीस किलोचा लॅब्रॅडॉर आहे. आज त्यांनी मोबाइलवर दोन फोटो आणलेत.

“ताई, हे बघा. कोरड्या खाद्याच्या पिशवीवर प्रोटीन चोवीस टक्के, आणि डब्यावर आठ. डबा महाग आणि प्रोटीन एक तृतीयांश? हा काय प्रकार?”

“काका, आधी पाणी काढा. पिशवीत पाणी किती?”

“दहा.”

“म्हणजे शंभरात नव्वद भाग खाद्य. चोवीस भागिले नव्वद, सत्तावीस टक्क्यांच्या आत. आता डब्यात?”

“ब्याऐंशी.” ते स्वतःच कॅल्क्युलेटर काढतात. “अठरा भाग खाद्य. आठ भागिले अठरा… चव्वेचाळीस?”

“चव्वेचाळीस.”

दोन खाद्यांची तुलना करायची ती फक्त या कोरड्या वजनावर. प्रौढ कुत्र्यासाठी आफकोच्या तक्त्यात किमान १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के स्निग्धांश, वाढत्या पिल्लासाठी २२.५ आणि ८.५, हे सगळे आकडे कोरड्या वजनावरचेच. डब्याच्या बाबतीत प्रथिनं सहसा कमी पडत नाहीत. ओलाव्यातला छोटा फरक मात्र फार मोठा असतो. ७८ टक्के पाणी असलेल्या डब्यात २२ भाग खाद्य, ८४ टक्केवाल्यात १६. लेबलावर फरक दिसतो सहा टक्क्यांचा आणि खाद्य पाव भागाहून जास्त घटलेलं असतं. अमेरिकी नियमात ओलाव्याला ७८ टक्क्यांची मर्यादा आहे, पण नावात ग्रेव्ही, सॉस, स्ट्यू असं काही घातलं की ती सुटते. ग्रेव्हीवाल्या डब्यांचं एवढं पीक का आलंय हे काकांना सांगावं लागलं नाही; चाळीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस.

“मग दूध-पोळी काय वाईट होती?” ते उठता उठता म्हणतात. बऱ्याच बाबतींत अपुरी, असं मी सांगते. त्यांचा विश्वास बसत नाही.

दुपारी २.३०

स्निग्धांशाचं काम मुलं करतात. साध्या ईथरनं चरबी काढली तर डब्यातल्या खाद्याचा आकडा कमी येतो, कारण शिजताना ती प्रथिनं आणि स्टार्चमध्ये अडकून बसते. म्हणून आधी आम्लात उकळून मोकळी करावी लागते. एखाद्या प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळला नाही की पहिला प्रश्न हाच विचारायचा.

मी राखेकडे वळते. ५५० अंशांच्या मफल भट्टीत नमुना जाळला की सेंद्रिय सगळं जातं आणि खनिजं उरतात. तिसऱ्या डब्याची राख सगळ्यात जास्त, अडीच टक्के. हाडाचे कण होतेच. दुसऱ्याची जेमतेम पाऊण.

या राखेतून काढलेल्या कॅल्शियमच्या आकड्यात आजच्या दिवसाचं खरं नाट्य आहे. कुत्र्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस एकास एक ते दोनास एक या प्रमाणात लागतात. निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. गुणोत्तर पार उलटं. दुसरा, देखणा, माणसानंही खावा असा डबा नेमका तसा निघाला. तोच रोज घातला तर शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून ओढून घेतं. पिल्लाचे पाय वाकतात, साध्या उडीनं हाड मोडतं. लाडानं फक्त चिकन घालून वाढवलेल्या पिल्लांत पशुवैद्यांना हे आजही दिसतं. त्या डब्यावर ‘पूरक’ लिहिलेलं आहे, म्हणजे उत्पादक खोटं बोललेला नाही. पण पुढच्या बाजूला ‘शंभर टक्के खरी कोंबडी’ हे केवढ्या अक्षरात आणि पूरक हे केवढ्या!

उलटी बाजूही आहे. मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालेलंही सोसत नाही. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या कामात जादा कॅल्शियमनं सांगाडा बिघडतो हे दिसलं. म्हणून मोठ्या जातींच्या वाढीसाठी १.८ टक्क्यांची वरची मर्यादा आहे. तिसऱ्या डब्याचा आकडा १.५ आला. बसला.

जीवनसत्त्वं आज कुणी मागितलेली नाहीत. यादीत ती शेवटी असतात, चिमूटभर, बाहेरून तयार मिश्रण आणून घातलेली. चिमूट चुकली तर काय होतं ते २०१९ मध्ये दिसलं. हिल्स या नावाजलेल्या कंपनीला पुरवठादाराच्या मिश्रणात ड जीवनसत्त्व फार जास्त झाल्यामुळे कुत्र्यांचे डबे परत घ्यावे लागले. ड जास्त झालं तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आज मी काढणार असलेल्या सातही आकड्यांतून ते कळलं नसतं.

दुपारी ४.३०

बशा ओव्हनमधून डेसिकेटरमध्ये. निवल्या की वजन, पुन्हा तासभर ओव्हन, पुन्हा वजन. दोन वजनं जुळली की पाणी संपलं असं धरायचं.

पहिला डबा ८३ टक्के पाणी. दुसरा ८५. तिसरा, भंगार वाटलेला, ७६.

आता कागदावर सगळं जुळतं. पहिल्यात प्रथिनं ७.५ आणि स्निग्धांश ४, तिसऱ्यात ९.५ आणि ७. तंतूंचा आकडा उद्या येईल, पण डब्यात तो सहसा लहानच असतो. प्रथिनं आणि कर्बोदकांच्या ग्रॅमला साडेतीन, चरबीच्या ग्रॅमला साडेआठ किलोकॅलरी हा पेटफूडचा रूढ हिशेब. त्यानं पहिल्या चारशे ग्रॅमच्या डब्यात साधारण २८० किलोकॅलरी बसतात, तिसऱ्यात ४३०. एकाच मापाचे डबे, आणि एकात दुसऱ्याच्या दीडपट जेवण. दुसऱ्याच्या कोरड्या वजनात प्रथिनं ८७ टक्के आणि चरबी साडेतीनच्याही आत. प्रौढ कुत्र्याला लागणाऱ्या किमान चरबीपेक्षाही कमी.

संध्याकाळी ५.३०

रिपोर्ट लिहिताना फोन वाजतो. एका नमुन्याचा मालक. रिपोर्टवर ‘प्रीमियम क्वालिटी’ असं लिहून मिळेल का?

मिळणार नाही. प्रीमियम या शब्दाला कुठल्याच मानकात व्याख्या नाही, आणि आमच्या यंत्रात तो मोजायची सोयही नाही. भारतीय मानक ब्युरोनं कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं मानक केलेलं आहे, पण ते पाळणं ऐच्छिक. त्याच्याशी आकडे ताडून देऊ का, असं मी विचारते. ते म्हणतात, बघतो.

सगळा दिवस आकडे काढूनही मला एक गोष्ट कळलेली नसते: यातलं कुत्र्याच्या अंगी किती लागेल. पिसं केल्डालमध्ये घातली तर प्रथिनं ऐंशीच्या वर येतील, आणि कच्ची पिसं कुत्र्याला जवळपास पचत नाहीत. ते कळायला खाऊ घालूनच बघावं लागतं. आफकोची खाऊ घालण्याची चाचणी असते ती निदान आठ कुत्री, सव्वीस आठवडे. सहांनी शेवटपर्यंत टिकायला हवं, कुणाचंही वजन पंधरा टक्क्यांहून जास्त घटता कामा नये, रक्ताच्या चार तपासण्या ठीक यायला हव्यात. फार कडक नाही. तरीही बहुतेक कंपन्या तीही न करता नुसत्या कागदावर सूत्र जुळवून ‘पूर्ण’ म्हणतात. म्हणून जगभरच्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची संघटना मालकांना घटकयादीत फार न अडकता कंपनीलाच विचारायला सांगते: सूत्र कुणी बनवलं, त्याचं शिक्षण काय, खाऊ घालून बघितलं का, प्रत्येक खेप तपासता का? उत्तर न देणारी कंपनी मी यादीतून काढते, घटक कितीही गोड असोत.

संध्याकाळी ६.१५

स्टेशनाकडे निघताना काका गाठतात. “तीनपैकी कुठला घेऊ ते तरी सांगा.”

नाव सांगता येत नाही. रिपोर्ट ज्यानं पैसे भरले त्याचा. पण तुमच्या-माझ्या कामापुरतं सांगायचं तर मी राखाडी गोळा घेईन, ग्रेव्ही नाही घेणार, आणि रेषांचा डबा फक्त गोळी लपवून द्यायला ठेवीन.

“रोज डबेच घालायचे म्हटले तर?”

तीस किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण १४०० किलोकॅलरी लागतात. ग्रेव्हीचे पाच डबे, किंवा गोळ्याचे सव्वातीन. डब्याची किंमत बघू नका, हजार किलोकॅलरींना किती पडतात ते काढा. लेबलावर किलोकॅलरी छापलेल्याच नसतील तर तो डबा जागेवर ठेवा. आणि कोरड्यावर घालणार असाल तर कोरडं कमी करा. अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर जन्मभर पाळून केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ज्यांना जोडीतल्या भावंडापेक्षा पाव भाग कमी खायला दिलं ती कुत्री सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली. डब्यातल्या कुठल्याही घटकानं एवढं केल्याचं माझ्या वाचनात नाही.

तेव्हा काका, ‘पूर्ण आहार’ लिहिलेला आणि ७८ च्या आत ओलावा असलेला डबा शोधा. रोज एक तृतीयांश, कोरड्यातून चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम काढून. उरलेला झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा.